पक्क्या पेटीतलं अक्षर

४ फेब्रुवारी, सोमवार

लोण्या,

वर 'प्रिय' नाही आणि खाली 'आशीर्वाद' असणार नाही. दोन्ही शब्दांचे अर्थ मला नीट ठाऊक आहेत, म्हणून ते मी वाटेल तिथे वापरत नाही. सहा वर्षांनी पत्र कशाला, फोन का नाही केलास, असं तू तुझ्या त्या लाडिक आवाजात विचारशीलच. फोनवर तू गोड बोलतोस, मी 'बरं, बरं' म्हणत बसते, आणि फोन ठेवल्यावर लक्षात येतं की ज्यासाठी केला ते राहूनच गेलं. कागदावर तुझी ही कला चालत नाही.

आप्पांच्या इंग्रजी-मराठी कोशाची दुसरी आवृत्ती निघते आहे. तुला कळलं असेलच, कारण मुखपृष्ठावर आप्पांच्या नावाखाली संपादक म्हणून तुझं आणि माझं अशी दोन नावं टाकायची, हा प्रकाशकबाईंचा आग्रह आहे. "तुमचे बंधू लोकांना माहीत आहेत हो," असं त्या मला म्हणाल्या. मला कोण ओळखतं हे त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. चार वर्षं मी एकेक कार्ड तपासते आहे. तू या चार वर्षांत एका पेटीचं झाकणसुद्धा उघडलेलं नाहीस. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. तरी मी हो म्हटलं होतं. आप्पांचा मुलगा आहे, असू दे नाव, म्हटलं.

सगळ्यात शेवटी ठेवलेली 'जी'ची पेटी परवा उघडली आणि 'ग्लाइड'चं कार्ड हाती लागलं. तुझ्या माहितीसाठी जसंच्या तसं उतरवते.

"ग्लाइड. न अडखळता, आवाज न करता पुढे जाणे. व्युत्पत्ती: जुन्या इंग्रजीत घारीला जे नाव होते, त्यावरून. घार पंख न हलवता जाते तसे. उदाहरण: ती लांब बोळातून या टोकाहून त्या टोकाला गेली, एकही हिसका बसला नाही."

अक्षर तुझं. तेच उभट, मोत्याच्या दाण्यासारखं, ज्याचं आप्पांना भारी कौतुक होतं. चौदा वर्षांचा असशील तेव्हा.

आता खरं काय ते ऐक. जुन्या इंग्रजीत 'ग्लीदान' असं क्रियापद होतं, त्यावरून आजचा शब्द आला. डच आणि जर्मन भाषांत त्याची भावंडं आहेत. त्याच्या मागे काय होतं ते कुणालाच माहीत नाही, आणि जे माहीत नाही तिथे 'माहीत नाही' असंच लिहायचं असतं. घारीचं म्हणशील, तर ते नाव तिला तिच्या चालीवरून पडलं. क्रियापद आधी, पाखरू मागून. मुलीने आईला जन्म दिला असं तू कोशात लिहून ठेवलंस, आणि पहिल्या आवृत्तीत ते छापून आलं, कारण 'जी'ची प्रुफं तुझ्याकडे होती. छत्तीस वर्षं ते पुस्तकात बसून आहे.

आणि उदाहरणातली ही 'ती' कोण रे? कोशाच्या उदाहरणात बोट असते, साप असतो, ढग असतो. बोळातून जाणाऱ्या बायका नसतात.

आपल्या घरात कार्ड आधी कच्चं व्हायचं, मग पक्कं, मग कुणीतरी उभं राहून ते मोठ्याने वाचायचं, आणि दोन हातांतून गेल्याशिवाय ते पक्क्या पेटीत पडायचं नाही. जेवताना मीठ कमी पडलं तर आप्पा बोलायचे नाहीत, पण कार्डात एक शब्द सैल पडला की ताट सरकवून उठायचे. त्या माणसाच्या पेटीत तू तुझ्या मनची गोष्ट घुसडलीस.

'जी'ची पेटी मला तशीही विसरता येत नाही. ती सगळ्यात वरच्या फळीवर असायची, आणि स्टूल धरायचं काम तुझं होतं. पुढचं तुला आठवत असेल.

तर माझं म्हणणं एवढंच. ज्याने आप्पांच्या पेटीत थाप ठेवली, त्याचं नाव आप्पांच्या नावाखाली छापायचं नाही. तसं मी प्रकाशकबाईंना लिहिणार आहे आणि तुझ्या अक्षरातल्या कार्डाची झेरॉक्स जोडणार आहे. वीस तारखेला पुस्तक छपाईला जातं. तुला काही म्हणायचं असेल तर लेखी म्हण.

ताई


९ फेब्रुवारी, शनिवार

लोण्या,

उत्तर नाही. ठीक.

आज यांनी मला तुझं व्याख्यान फोनवर दाखवलं. मी बघणार नव्हते. पण आमचे हे वजनमापं खात्यातून निवृत्त झाल्यापासून घरातल्या प्रत्येक गोष्टीची तपासणी करत असतात, त्यात तूही आलास. "अगं, तुझ्या त्याच शब्दावर बोलतोय बघ तो," म्हणाले आणि फोन माझ्या नाकासमोर धरला.

काय तो थाट! मागे पुस्तकांचं कपाट. त्यातली निम्मी पुस्तकं अजून प्लास्टिकच्या वेष्टनात आहेत, मला इथून दिसलं. आवाज असा, की जिन्यावर कुणी तेल सांडलंय. हात असे हलतात की शब्द कळला नाही तरी हातांवरून कळेल. आणि गोष्ट कोणती, तर घारीचीच! "आमच्या घरात एक फार हुशार माणूस होतं. त्या माणसानं खिडकीतून घार पाहिली आणि हा शब्द कुठून आला ते सांगून टाकलं. मी तेव्हा लहान होतो. मला अजून वाटतं, शब्द असाच सापडावा." मग तू डोळे जरा ओले केलेस.

हुशार माणूस! उचलली जीभ, लावली टाळ्याला. स्वतःचीच टिमकी वाजवायची आणि वर नाव घ्यायचं नाही, म्हणजे विनयही पदरात. तीन लाख लोकांनी ते पाहिलंय. खाली कुणा प्राध्यापकाने सभ्यपणे लिहिलंय की, सर, ही व्युत्पत्ती उलटी आहे. त्यांना तू उत्तर दिलंस, "असेलही! पण गोष्ट छान आहे ना?" आणि पुढे हसरा चेहरा. आप्पांच्या मुलाने. हसरा चेहरा.

एकदा नीट सांगते, पुन्हा सांगणार नाही. या शब्दाला मराठीत जोड शोधताना आप्पांनी आठ दिवस घालवले होते. सरकणे म्हणावं तर सरकायला ढकलावं लागतं. घसरणे म्हणावं तर त्यात पडायची भीती आली. तरंगणे म्हणावं तर जाग्यावरच राहतं. वाहणे म्हणावं तर आपली मर्जी गेली. शेवटी त्यांनी तीन कसोट्या लावल्या. जाणं न थांबणारं हवं, आवाज नको, आणि कष्ट दिसायला नकोत. "कष्ट नसतात असं नाही," ते म्हणाले, "दिसत नाहीत."

या तिसऱ्या कसोटीला तू पुरेपूर उतरतोस. तुझे कष्ट कुणाला कधी दिसले नाहीत, कारण ते दुसरं कुणीतरी करत होतं. विसाव्या वर्षी तू बॅग उचललीस आणि निघून गेलास. आप्पांची दृष्टी गेली, तेव्हा मी त्यांना कार्डं वाचून दाखवली. आप्पा पडले, तेव्हा मी उचललं. मी कुणाला उचलायचं म्हणजे काय असतं, ते तुला सांगायला नको. तू आलास तो शोकसभेला, आणि वीस मिनिटं इतकं सुंदर बोललास की लोक मला येऊन म्हणाले, "भावाने किती केलं हो वडिलांचं!" त्या दिवशी मी तुझ्याशी बोलणं सोडलं. तू कधी कारण विचारलं नाहीस, पण आज सांगून टाकलं.

लहानपणी तुला लोण्या म्हणायचे, कारण रागावणं तुझ्या अंगावर टिकायचंच नाही, निथळून जायचं. मला वाटायचं मोठेपणी थिजेल जरा. कसलं काय!

प्रकाशकबाईंना पत्र आणि झेरॉक्स आज टाकली. पोस्टापर्यंत मी स्वतः गेले. मला वेळ लागतो, पण मी पोचते.

ताई


१४ फेब्रुवारी, गुरुवार

लोण्या,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, पाच ओळी. "ताई, तुझं बरोबर आहे. व्युत्पत्ती चुकलेली आहे, ती बदल. माझं नाव काढ, मी त्यांना तसं कळवलंय. फक्त उदाहरण राहू दे, जमलं तर. थंडीत पाय जपतेस ना?"

मी पाठीमागे बघितलं, काही आणखी आहे का. कोरं.

भांडायचेसुद्धा कष्ट नकोत तुला. मी चार दिवस तयारी केली होती. तू म्हणशील, मी लहान होतो. त्यावर माझं उत्तर तयार होतं. तू म्हणशील, आप्पांनी का नाही पकडलं. त्यावरही होतं. तू म्हणशील, ताई, तू नेहमी माझा दुस्वास केलास. त्यावर तर दीड पान तयार होतं. आणि तू म्हणतोस, 'तुझं बरोबर आहे'! अरे, चूक कबूल करताना माणसाची मान जरा तरी खाली जाते. तुझी तीही सरळच. आणि वर उदाहरण राहू दे म्हणे. ज्या झाडाचं मूळ किडकं, त्याची फांदी तेवढी ठेवा.

पायाची चौकशी करायचा तुला अधिकार नाही.

प्रकाशकबाईंचा फोन आला. "झेरॉक्स बघितली. अक्षर त्यांचंच आहे, त्यांनीही मान्य केलंय, मग प्रश्नच मिटला," म्हणाल्या. मुखपृष्ठ उद्या छापायला घेतायत. आप्पांचं नाव, त्याखाली माझं एकटीचं.

म्हणजे मी जिंकले. जिंकल्यावर चहा करावा म्हणून केला, तर साखर घालायची राहिली. यांनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि तपासणी चालू केली.

"तो कबूल का झाला गं इतक्या लवकर?"

"चोर होता म्हणून."

"चोर इतक्या लवकर कबूल होत नाही. तीस वर्षं मी दुकानं तपासलीत. ज्याच्या वजनात खोट असते ना, तो पहिल्यांदा बोंबलतो."

"हा वेगळ्या जातीचा चोर आहे."

"असेल." त्यांनी दातात काडी घातली. मग म्हणाले, "पण तुमच्या घरात लिहिणाऱ्याने पक्कं उतरवायचं नसे ना?"

मी म्हटलं, "काय?"

"लग्न ठरवायला तुझे आप्पा आले होते, तेव्हा मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे वजन ओतणारा वेगळा आणि त्यावर शिक्का मारणारा वेगळा. ते इतके खूश झाले! म्हणाले, आमच्या घरातही हेच. ज्याने शोधलं त्याच्या हातचं कार्ड पक्क्या पेटीत जात नाही, दुसऱ्याने उतरवायचं. म्हणजे शोधणाऱ्याचं डोकं आणि उतरवणाऱ्याचे डोळे, दोन्ही लागतात. मला वाटतं त्या एका वाक्यावर त्यांनी मला मुलगी दिली."

मी त्यांना सांगितलं की तुम्हाला वजनकाट्यातलं कळतं, शब्दांतलं नाही. ते कप घेऊन उठले आणि साखरेचा डबा शोधू लागले.

आप्पांची कच्ची कार्डं खाटेखालच्या ट्रंकेत आहेत. मला वाकता येत नाही, म्हणून ती इतक्या वर्षांत कुणी काढली नाही. उद्या यांना काढायला सांगितली आहे. केवळ त्यांचं तोंड बंद करायला, दुसरं काही नाही.

ताई


१५ फेब्रुवारी, शुक्रवार

लोण्या,

पुढची एक ओळ लिहायला मला सकाळचे दोन तास लागले.

कच्चं कार्ड माझं आहे.

कोपऱ्यात लाल ठिपका. लाल माझा, हिरवा तुझा, काळा आप्पांचा. शब्द माझ्या अक्षरात, तेही वेडंवाकडं, पाठीवर पडून लिहिलेलं. व्युत्पत्तीच्या ओळीत घार. बाजूला आप्पांनी शिसपेन्सिलने विचारलंय, "पुरावा?" त्याखाली मी उत्तर दिलंय, "रोज समोर दिसते." आणि त्याखाली आप्पांनी बरोबरची खूण केली आहे.

रोज समोर दिसते! हा माझा पुरावा. दुसऱ्या कुणाच्या कार्डावर मी हे वाचलं असतं तर त्या माणसाला दारात उभं केलं नसतं.

पक्क्या पेटीतलं अक्षर कधीच करणाऱ्याचं नसतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. चाळीस वर्षं त्या पेट्यांवर माझा हात फिरतो आहे. तुझी किती कार्डं मी उतरवली आणि माझी किती तू उतरवलीस, याचा हिशेब नाही. पण तुझं अक्षर दिसलं आणि मला दुसरं काही दिसेनासं झालं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, मी तर अक्षर दाखवून केलं, आणि तेही माझं नव्हे, तुझं. झेरॉक्स काढून!

अकरा आठवडे मी त्या मागच्या खोलीत पडून होते, पायाला वजन टांगलेलं. खिडकीतून आप्पा सांभाळायचे त्या ग्रंथालयाची पाण्याची टाकी दिसायची आणि टाकीवर घार. ती उडायची नाही, नुसती जायची. पंख हलवायची नाही, कुठे अडायची नाही. एकोणीस वर्षांची होते मी. डॉक्टर बाहेर आप्पांना सांगत होते की हाड जुळेल पण पाय आखूड राहील, आणि दार उघडं होतं. त्या दिवशीची तारीख कार्डावर आहे. मला तो शब्द त्या पाखराचा हवा होता, म्हणून मी तो तिला देऊन टाकला. आयुष्यात तेवढा एकच शब्द मी शोधला नाही, हवा म्हणून लिहिला.

आणि आप्पांनी खूण केली. या गोष्टीचा मला सगळ्यात जास्त राग आला आहे. ज्यांनी माझा सैल स्वल्पविराम कधी सोडला नाही, त्यांनी हे सोडलं. बिचारी, पडली आहे, असू दे! त्या अकरा आठवड्यांतली बाकीची कार्डं मी आज काढून बघितली. एकावरही खोडाखोड नाही. मला वाटायचं, तेव्हा माझं काम फार चोख झालं होतं.

आता दुसरं. तेही लिहिते, एकदा बसलेच आहे तर.

स्टूल धरायला मी तुला हाक मारली नव्हती. तू अंगणात होतास. मला वाटलं, कशाला त्याला बोलवा, चढू आपण. पडल्यावर आप्पा धावत आले आणि "लोण्या कुठे होता?" म्हणाले. मी म्हणाले, "तो धरतो म्हणाला होता." दुखत होतं म्हणून म्हणाले असं लिहावंसं वाटतं. दुखत होतं हे खरं आहे, पण त्यासाठी म्हणाले नाही. स्वतःच्या मूर्खपणाने पडले असं म्हणवलं नाही, म्हणून म्हणाले. तू दारात उभा होतास. तू ऐकलंस. आप्पांनी तुला त्या दिवशी पहिल्यांदा आणि शेवटचं मारलं. तू एक शब्द बोलला नाहीस. मग पुढे इतकी वर्षं मी ते इतक्यांदा म्हटलं, की मलाच ते खरं वाटायला लागलं. पहिल्या पत्रातही मी ते सराईतपणे लिहून मोकळी झाले, काढून बघ.

म्हणजे दोनदा झालं हे. चूक माझी, आणि ती तुझ्या अक्षरात.

तू का गप्प बसलास? मला ही तुझी सहनशीलता मुळीच आवडलेली नाही. त्यात मोठेपणा आहे असं तुला वाटत असेल तर काढून टाक. चौदाव्या वर्षी तू ओरडला असतास, 'मी नव्हतोच तिथे', तर मला चाळीस वर्षं तुझा तिरस्कार करावा लागला नसता. तेही कष्टाचं काम असतं, कुणाला दिसत नाही एवढंच.

आणि ते व्याख्यान मी परत लावलं. 'आमच्या घरात एक फार हुशार माणूस होतं.' तीन लाख लोकांसमोर तू मला हुशार म्हणालास. मी त्याच आठवड्यात तुला थापाड्या ठरवून पोस्टात गेले. मला लाज वाटते आहे. याला दुसरा शब्द मी शोधत बसणार नाही.

ताई


१८ फेब्रुवारी, सोमवार

लोण्या,

आज प्रकाशकबाईंकडे जाऊन आले. दोन मजले, लिफ्ट बंद. प्रत्येक पायरीवर हिसका बसतो मला, आणि कठड्याचा आवाजही होतो. हे आले होते बरोबर, पण मी हात धरू दिला नाही.

मुखपृष्ठं छापून झाली आहेत. टेबलावर गठ्ठे होते. आप्पांचं नाव आणि माझं, सोनेरी अक्षरांत.

मी म्हटलं, "हे चुकलंय. माझ्या भावाचं नाव हवं."

बाई म्हणाल्या, "ताई, तुम्हीच तर काढायला लावलंत."

"मी चुकले."

"अहो, पण त्यांनी स्वतः कबूल केलंय ना!"

"तो लहानपणापासून माझं कबूल करत आलाय. त्याचं काही ऐकू नका."

बाईंनी यांच्याकडे बघितलं. यांनी मान डोलावली, एखाद्या दुकानदाराला जप्तीची नोटीस देतात तशी. मुखपृष्ठ आता बदलत नाही. पुन्हा छापायला वेळ नाही आणि पैसेही नाहीत, असं बाईंचं म्हणणं, आणि त्यांच्याशी मी दीड तास भांडले. आतलं पहिलं पान मात्र छापायचं होतं. त्यावर आता दोन नावं आहेत, तुझं आधी. वयाने मी मोठी आहे, पण आधी तुझं. बाहेरचं मुखपृष्ठ खोटं बोलेल आणि आतलं पान खरं. लोक बाहेरचंच बघतात हे मला ठाऊक आहे. तुझे ते तीन लाख तर नक्कीच बाहेरचं बघणारे. पण जो कोश उघडेल त्याला कळेल, आणि आप्पांनी तो उघडणाऱ्यांसाठीच केला होता.

शुद्धिपत्रात एक ओळ घातली आहे: "'ग्लाइड'ची पहिल्या आवृत्तीतील व्युत्पत्ती निराधार होती. ती कार्ड लिहिणाऱ्या संपादिकेची चूक आहे, उतरवणाऱ्याची नव्हे." बाई म्हणाल्या, शुद्धिपत्रात असं कुणी लिहीत नाही. मी म्हटलं, आमच्या घरात लिहितात.

एवढ्यावर तुझं व्याख्यान सुधारलं असं समजू नकोस. ते भिकारच आहे. त्या प्राध्यापकांना हसरा चेहरा दिलास, त्याबद्दल त्यांची क्षमा माग. आणि पुस्तकांची वेष्टनं काढ, लाज आणतोस. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, असं तुला वाटत असेल. नाहीच जाणार. या वयात गेला तर मला मी ओळखू यायची नाही.

आता कामाचं.

ग्रंथालय रविवारी बंद असायचं. पायाचं वजन काढल्यावर पहिले दोन महिने मला कुबड्यांवरसुद्धा उभं राहता येत नव्हतं. तू पुस्तकांची गाडी रिकामी केलीस, तीच, रबरी चाकांची. तीन दिवस चाकांना तेल देत होतास आणि कुणाला सांगत नव्हतास. मग मला तिच्यावर बसवलंस आणि कपाटांमधल्या त्या लांब बोळातून ढकललंस. पहिल्यांदा मी ओरडले. दुसऱ्यांदा नाही. फरशी नुकती पुसलेली होती, दोन्ही बाजूंनी पुस्तकं जात होती, आणि मागे तू श्वाससुद्धा आवाज न करता घेत होतास, मला कळू नये म्हणून. किती रविवार असं चाललं, मला आठवत नाही. मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू चांगला आहेस असं म्हणावं लागलं असतं.

मी लिहिलेलं तू उतरवायचास, आणि उतरवणाऱ्याला फक्त उदाहरणाचं वाक्य आपलं घालायची मुभा असायची. ती 'ती' कोण, हे मी पहिल्या पत्रात विचारलं होतं. उत्तर पाठवायची गरज नाही.

'ग्लाइड'चं कार्ड मी नव्याने केलं आहे. सोबत ठेवलंय, लाल ठिपक्यासकट. ग्लीदान, डच, जर्मन, आणि त्याच्या मागे 'माहीत नाही'. घारीला वेगळी ओळ दिली आहे, तिचं नाव या चालीवरून पडलं म्हणून. पण हे कच्चं आहे. माझ्या हातचं कार्ड पक्क्या पेटीत जात नाही, तुला माहीत आहे. बाईंनी 'जी'चं पान पंचवीस तारखेपर्यंत थांबवलंय. सोबत एक कोरं कार्डही आहे. ते तुझ्या अक्षरात उतरव आणि घेऊन ये, पोस्टाने पाठवू नकोस. उभं राहून मोठ्याने वाचायला दुसरं कुणीतरी लागतं, आणि यांचे उच्चार वजनमापं खात्याचे आहेत.

अक्षर नीट काढ. उदाहरणाचं वाक्य बदलू नकोस.

ताई